जुन्या ९११ चं नाक वर आहे, पुढची उंची खाली कशी आणावी?

निळी_९११ (संभाजीनगर)
नमस्कार मंडळी. गाडी पोर्शे ९११ एससी, १९८२ ची. बरीच वर्षं मुंबईत होती, आता चिकलठाण्याच्या शेडमध्ये उभी असते. इंजिन-गिअरबॉक्स ठणठणीत. भानगड पुढच्या उंचीची आहे. बाजूने पाहिलं की गाडीचं नाक आभाळाकडे. आधीच्या मालकांनी 'आपल्या रस्त्यांसाठी' म्हणून एका गॅरेजातून उचलून घेतली होती, तीही फक्त पुढून.

त्रास असा: समृद्धीवर शंभरच्या पुढे गेलं की स्टिअरिंग हलकं पडतं. बाजूचा वारा लागला की गाडी लेनमध्ये इकडून तिकडे फिरते. गतिरोधक ओलांडून उतरताना पुढून कोरडा 'ठक्' आवाज येतो. शॉकअप नवे टाकले, ठक् जागच्या जागी. एका मिस्त्रींनी सांगितलं, स्प्रिंग दीड वेढा कापून टाका. पुढे स्प्रिंगच नाही हे त्यांना वाकून दाखवावं लागलं.

पुढे टॉर्शन बार आहेत आणि एक बोल्ट फिरवून उंची कमीजास्त होते, इथपर्यंत कळलंय. किती फिरवायचा? मोजायचं कुठून? आणि खाली आणली तर बीड रोडला पोट घासेल का?

पूर्णाकाठ (परभणी)
आधी फोटो टाका, मग प्रश्न. गाडी जर्मनीची आणि काळजी आमच्याकडच्या रस्त्यांची. जगात जर्मनी, भारतात परभणी, दोन्ही एकाच धाग्यात आले.

बार्शी_रोड (लातूर)
भाऊ, टॉर्शन बार म्हणजे आमचं रोजचं काम. सुमो, टवेरा, सगळ्यांना पुढं हेच. वडाप चालवणारे महिन्यातून एकदा तरी येयलेत, "मामा, पुढून बसलीय, टाईट करून द्या." दोन्ही बाजूचा बोल्ट आवळायचा, गाडी वर. ढिला केला की खाली. तुमच्या गाडीला पण तेच असणार. ढिला करा, मऊ पण होईल आणि खाली पण येईल. यात एवढं विचारायसारखं काय हाय?

मापपट्टी (वाळूज)
बार्शी_रोड, बोल्टचं बरोबर. 'मऊ होईल' हे मात्र खरं नाही. हा गैरसमज सुमोवाल्यांपासून पोर्शेवाल्यांपर्यंत सगळीकडे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टॉर्शन बार म्हणजे पिळली जाणारी पोलादी सळई. एक टोक चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याला (आर्मला), दुसरं बॉडीकडच्या लिव्हरला. चाक वर गेलं की सळई पिळली जाते आणि ती परत सुटायला बघते. किती पिळल्यावर किती जोर लावील, हे ठरतं तीन गोष्टींवर: धातू कोणता, सळईची लांबी आणि जाडी. जाडीचा परिणाम सर्वांत मोठा, कारण ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. ९११ ला पुढे साधारण १९ मिलिमीटरची सळई असते. तिच्या जागी २१ ची टाकली तर फक्त २ मिलिमीटर जाडी वाढते, पण ताठरपणा जवळजवळ दीडपट. २२ ची टाकली तर सुमारे १.८ पट.

बोल्टने यातलं काहीच बदलत नाही. बोल्ट लिव्हरचा कोन बदलतो, म्हणजे सळईचं 'शून्य' कुठे धरायचं ते सरकवतो. गाडीचं वजन तेवढंच, त्यामुळे उभ्या गाडीत सळईला पडणारा पीळही जवळपास तेवढाच. फक्त गाडी वेगळ्या उंचीवर जाऊन थांबते. टाईट केल्याने सळई कडक होत नाही, ढिली केल्याने मऊ होत नाही.

बार्शी_रोड (लातूर)
साहेब, पुस्तकात लिहिलं असल. आम्ही गाडीत बसून बघतो. टवेरा टाईट केली की दणके लागतेत. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येतंय, "मामा, लई कडक झाली." मग ते खोटं बोलायलेत का?

मापपट्टी (वाळूज)
अजिबात नाही, दणका खराच आहे. कारण वेगळं आहे. चाकाला वर जायला जशी जागा लागते तशी खाली लोंबायलाही लागते. गाडी उचलली की वर जायची जागा वाढते आणि खाली लोंबायची तेवढीच घटते. फार उचललेल्या गाडीत उभ्या अवस्थेतच चाक खालच्या मर्यादेच्या जवळ असतं. खड्डा आला किंवा गतिरोधकावरून उतरलो की चाक खाली पडतं आणि शॉकअप पूर्ण ताणून टोकाला आपटतो. तो दणका. टवेराच्या गिऱ्हाइकाला तो कडकपणा वाटतो.

निळी_९११ यांचा ठक् आवाजही याच जातीचा दिसतोय. 'उतरताना' येतो असं त्यांनी लिहिलंय, चढताना नाही. शॉकअप कितीही नवे टाका, लांबीच संपली तर तो काय करणार?

बार्शी_रोड (लातूर)
हां. हे पटलं. आमच्याकडं पण नवीन शॉकअप टाकून आवाज जात नाही अशा दोन टवेरा उभ्या हायत. बोल्ट मागं घेऊन बघतो.

अँबीवाला (धाराशिव)
मधे तोंड घालतो. अँबॅसिडरला आणि तिच्या आधीच्या मॉरिस मायनरलाही पुढे टॉर्शन बारच. त्या अनुभवावरून एक सांगणं: बोल्टला हात लावायच्या आधी बुश बघा. आर्म ज्या रबरात फिरतो ते रबर चाळीस वर्षांत चेपून बाजूला सरकलेलं असतं. लोकांना वाटतं बार 'थकला'. चांगला बार सहसा बसत नाही, रबर बसतं. रबर गेलेल्या गाडीत उंची लावली तर आज एक माप, महिन्याने दुसरं.

बार थकत नाही, पण तुटतो. गंजाचा एक खड्डा किंवा पाना निसटून पडलेला एक ओरखडा पुरे होतो, तडा तिथूनच सुरू होतो. आपल्याकडची काळी माती ओली झाली की आर्मच्या टोकाला लिंपल्यासारखी बसते आणि आठवडाभर ओल धरून ठेवते. मागची टोपी उघडून आत बघा. बार बाहेर काढलाच तर डावा-उजवा खुणा करून ठेवा. वापरलेला बार बाजू बदलून टाकायचा नसतो, एका दिशेने पिळायची सवय त्याला कारखान्यातूनच लावलेली असते.

निळी_९११ (संभाजीनगर)
धन्यवाद. टोप्या उघडल्या. डावीकडे माती होती, गंज वरवरचा. बार गुळगुळीत, रंग शाबूत. रबर कडक झालंय पण जागेवर आहे, पहारीने हलवून बघितलं, खेळ नाही. आता मोजायचं कसं? मी मडगार्डच्या कडेपासून जमिनीपर्यंत घेतलं, दोन्ही बाजूंना सारखं येतंय, ते चालेल का?

मापपट्टी (वाळूज)
मडगार्ड विसरा. चाळीस वर्षांच्या गाडीत मडगार्ड एकदा तरी ठोकून सरळ केलेलं असतं, त्याच्या कडेवर भरवसा कसला. आणि जमिनीपासून मोजलं की टायर मधे येतो. तुमच्याकडे कुठला टायर आहे?

निळी_९११ (संभाजीनगर)
पुढे २०५/६५ आर १५. इनोव्हाचा साइज. मुंबईत असताना बसवलेला आहे.

मापपट्टी (वाळूज)
बघा. एससीचा मूळ टायर पुढे १८५/७० आर १५, व्यास ६४० मिलिमीटर. तुमचा भरतो साधारण ६४७. म्हणजे नुसत्या टायरने गाडी साडेतीन मिलिमीटर वर.

कारखान्याचं माप असल्या गोष्टींना भीक घालत नाही. ते दोन मध्यांमधलं आहे: चाकाचा मध्य जमिनीपासून किती वर, टॉर्शन बारचा मध्य जमिनीपासून किती वर, आणि दोन्हींची वजाबाकी. पुढे चाकाचा मध्य बारच्या मध्यापेक्षा १०८ मिलिमीटर वर असायला हवा, ५ इकडे-तिकडे चालतं. डाव्या-उजव्यात फरकही ५ च्या आतच. अमेरिकेत पाठवलेल्या गाड्या तिथल्या बंपरच्या नियमांमुळे उंच ठेवलेल्या असायच्या, त्यामुळे तिकडच्या लोकांचे आकडे वाचून गोंधळू नका.

इथे हमखास उलटं होतं, म्हणून लक्ष द्या. बार बॉडीबरोबर वर-खाली होतो, चाकाचा मध्य टायरवर स्थिर. गाडी जितकी उंच, तितका बार चाकाच्या मध्याजवळ येतो आणि वजाबाकी लहान होते. आकडा लहान म्हणजे गाडी उंच. तुमचा आकडा १०८ पेक्षा बराच कमी निघेल.

मोजण्याआधीची तयारी: फरशी समपातळीत हवी, ती गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपासा, डोळ्याने नाही. टायरची हवा बरोबर. स्टेपनी जागेवर. आणि टाकी भरलेली. या गाडीत पेट्रोलची टाकी पुढे डिकीत आहे, ८० लिटरची. रिकामी आणि भरलेली यात ५५-६० किलोचा फरक पडतो आणि तो जवळपास सगळा पुढच्या चाकांवर. रिकाम्या टाकीवर उंची लावली की टाकी भरल्यावर नाक नको तितकं खाली.

गोदातीर (नांदेड)
इतका खटाटोप वाचून एकच शंका येते. गावागावाला घरगुती गतिरोधक, डांबराला लाटा, आणि ही गाडी मुळात वीतभर उंच. आधीच्या मालकांनी उचलली तेच शहाणपण होतं. खाली आणून काय साधणार? थोडं हलकं स्टिअरिंग परवडलं, फाटलेलं पोट नाही परवडत.

निळी_९११ (संभाजीनगर)
गोदातीर, हीच माझीही धास्ती आहे, म्हणून तर विचारतोय.

मापपट्टी (वाळूज)
स्टिअरिंग 'थोडं' हलकं नाही. ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लटकलेलं. वजनाचा ४० टक्क्यांच्या आसपास वाटाच पुढे येतो. नाक वर केलं की वेगात गाडीखाली हवा शिरते आणि तो ४० टक्क्यांचा वाटा आणखी हलका करते. त्यात टायरॉड, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणारी दांडी. मूळ उंचीला तो जवळपास आडवा असतो, त्यामुळे चाक वर-खाली झालं तरी चाकाची दिशा फार बदलत नाही. नाक उचललं की टायरॉड तिरका होतो आणि प्रत्येक उंचवट्यावर चाकं आपोआप थोडी आत-बाहेर वळतात. चालक सरळ धरून बसलाय आणि गाडी स्वतःच्या मनाने बारीक बारीक वळतेय. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे. त्या वेगाला हे सहन करणं म्हणजे शहाणपण नाही.

गतिरोधकाचं गणित मांडू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, वक्राची त्रिज्या १७ मीटर. ९११ च्या दोन चाकांतलं अंतर २२७२ मिलिमीटर. चारही चाकं त्या वक्रावर असताना पोटाखालची जागा कमी होते फक्त ३८ मिलिमीटर. सुरुवातीचा चढ साधारण ६ अंशांचा. मूळ उंचीची ९११ हे आरामात पार करते.

गोदातीर (नांदेड)
मापाचा गतिरोधक मराठवाड्यात कुठे बघितलात, पत्ता द्या, दर्शनाला जाऊ.

बिंदुसरा (बीड)
😄 आमच्या गावाच्या वेशीवर जो आहे त्याला गतिरोधक म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. तो बांध आहे.

मापपट्टी (वाळूज)
मान्य, टोला बरोबर बसला. बांधाला उपाय एकच, तिरपी घालणे. पण नीट बघा, नाक उचलल्याने त्या बांधावर नेमका काय फायदा झाला? पुढचा बंपर वाचला. पोट आणि मागचं इंजिन जिथल्या तिथे. पुढे २० मिलिमीटर उचललं तर गाडीच्या मधोमध मिळतात १० आणि मागच्या चाकाशी शून्य. इंजिन तर मागच्या चाकाच्याही मागे, तिथे गाडी उलट किंचित खाली जाते.

जागाच हवी असेल तर अख्खी गाडी १० मिलिमीटर वर ठेवा, पुढून आणि मागून सारखीच. पुढे १०८ च्या जागी ९८ धरा. टायरॉडचा तिरकेपणा फारसा वाढत नाही, शॉकअपला लोंबायला जागा राहते, आणि गाडीचा झुकाव मूळचाच. दाराखालची पट्टी पुढे अगदी किंचित उतरती दिसली पाहिजे.

गोदातीर (नांदेड)
हे आधी सांगितलं असतं तर वाद घातला नसता. अर्थात घातलाच असता.

अँबीवाला (धाराशिव)
मागची बाजू बोलायला सोपी, करायला नाही. ९११ ला मागेही टॉर्शन बार, पण आडवे, आणि तिथे पुढच्यासारखा बोल्ट नाही. दाते बदलून बसवावे लागतात.

मापपट्टी (वाळूज)
हो, आणि ते डोकेबाज आहे. मागच्या बारच्या आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. आतला एक दाता सरकवला तर ९ अंश, बाहेरचा एक उलट सरकवला तर ८ अंश १० मिनिटं. फरक उरतो ५० मिनिटांचा, एका अंशाहूनही कमी. दोन जाड पायऱ्यांतून एक बारीक पायरी काढलीय. फर्डिनांड पोर्शे यांचं टॉर्शन बारचं पेटंट १९३१ मधलं. १९६४ पासून १९८९ पर्यंत ९११ याच सळयांवर चालली, मग ९६४ ही पुढची पिढी आली आणि तिच्याबरोबर स्प्रिंगा आल्या.

निळी_९११ यांना दात्यांपर्यंत जावं लागणार नाही बहुतेक. एससीच्या मागे बारपासून चाकाकडे जाणाऱ्या पट्ट्या दोन तुकड्यांच्या असतात आणि त्यांत एक विकेंद्री (मध्य बाजूला असलेला) बोल्ट असतो, थोडीफार उंची त्यावर मिळते. आधी मागचं माप घ्या, कदाचित कुणी हात लावलेलाच नसेल.

निळी_९११ (संभाजीनगर)
मोजलं. नळी, ओळंबा आणि एक लांब ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन. टाकी काठोकाठ.

पुढे डावीकडे ७१, उजवीकडे ८२. मागे दोन्ही बाजू मापात, फरक २ मिलिमीटरचा.

म्हणजे नाक सरासरी साडेएकतीस मिलिमीटर वर आणि त्यातही डावी बाजू उजवीपेक्षा ११ ने उंच. दाराखालची पट्टी उतरती सोडाच, चढती आहे.

बार्शी_रोड (लातूर)
डावीकडं जास्त का उचलली असल त्यानं?

मापपट्टी (वाळूज)
मडगार्डपासून मोजून दोन्ही बाजू 'सारख्या' केल्या असतील. एका बाजूचं मडगार्ड पूर्वी ठोकलेलं असलं की असंच होतं.

हे ११ मिलिमीटर उंचीपेक्षा वजनाचा जास्त घोटाळा करतात. गाडी म्हणजे चार पायांचं टेबल. एका पायाखाली पुठ्ठा घातला की तो पाय आणि तिरपा समोरचा पाय जास्त वजन घेतात, उरलेले दोन हलके होतात. तुमच्या गाडीत डावं पुढचं आणि उजवं मागचं चाक जादा भार उचलतंय. ब्रेक दाबल्यावर उजवं पुढचं आधी घसरेल. पावसात तर नक्कीच. उंची लावून झाल्यावर चारही चाकांखाली वजन घ्यायला हवं. पण त्याचे काटे पुण्या-मुंबईच्या रेसवाल्यांकडे.

मोंढेकरी (जालना)
पुण्याला कशाला जाता? आमच्या अडतीवर ५०० किलोचे इलेक्ट्रॉनिक काटे आहेत, प्लॅटफॉर्मवाले. शेजारच्या दुकानाचे धरून एकाच कंपनीचे चार जमवता येतील. वजनमापवाल्यांचा शिक्का ताजा आहे. सोयाबीनची आवक संपलीय, काटे रिकामेच पडलेत. चालतील का?

मापपट्टी (वाळूज)
चालतील म्हणजे काय, पळतील. एका चाकावर ४०० च्या वर जात नाही ही गाडी. उसाच्या वजनकाट्यावर एकेक चाक चढवण्यापेक्षा शंभर पटीने बरं, तिथे बाकीची तीन चाकं वेगळ्या पातळीत राहतात आणि आकडा खोटा येतो.

फक्त चारही काट्यांचे माथे एका पातळीत आणा, पुन्हा नळीनेच, खाली फरशीचे तुकडे किंवा पत्रे सरकवून. काट्यांच्या पुढे-मागे तेवढ्याच उंचीच्या फळ्या, म्हणजे गाडी ढकलत वर घेता येईल. चालकाच्या जागी तुमच्या वजनाचं पोतं.

मोंढेकरी (जालना)
पोत्याची काळजी आमच्याकडे तरी करू नका.

निळी_९११ (संभाजीनगर)
बोल्ट फिरवण्याची नेमकी रीत कुणीतरी एकदा लिहा. धाग्यात तुकड्या-तुकड्याने आलंय.

मापपट्टी (वाळूज)
आदल्या रात्री बोल्टवर डब्ल्यूडी-४० मारून ठेवा. दोन्ही पुढची चाकं एकदम उचला, जॅक बॉडीच्या ठरलेल्या जागेवर, आर्मखाली नाही. खाली घोड्या लावा. चाकं लोंबकळली की बोल्टवरचा ताण उतरतो, तेव्हाच पाना लावायचा. वजनाखाली आवळला की आटे जातात. घड्याळाच्या दिशेने वर, उलट दिशेने खाली. बोल्ट पार मोकळा करू नका, सळईत उरलेला पीळ लिव्हर झटक्यात फिरवू शकतो.

एका फेऱ्याला किती मिलिमीटर, हे तुमच्या गाडीवरच काढायचं. दोन्हीकडे एकेक फेरा द्या, खाली उतरवा, मोजा. उतरवल्या उतरवल्या मोजू नका. जॅकवरून सोडलेल्या गाडीची चाकं आत ओढलेली असतात आणि टायर जमिनीला चिकटून तशीच राहतात. दोन-चार मीटर पुढे-मागे ढकला, बंपरवर दाब देऊन नाक हलवा, मग पट्टी लावा. हाच भाग कंटाळवाणा आहे आणि लोक तोच टाळतात.

बार्शी_रोड (लातूर)
आम्ही कधीच ढकलत नाही. जॅक काढला की गिऱ्हाइकाला चावी. म्हणून सकाळी सरळ दिसणारी सुमो संध्याकाळी वाकडी दिसत असल.

निळी_९११ (संभाजीनगर)
काम झालं. बोल्ट सुटायला उजवीकडे कुरकुर झाली, बाकी लिहिल्याप्रमाणे. आधी दोन्ही बाजू ९८ च्या आसपास आणल्या, मग मोंढेकरींच्या काट्यांवर चढवून बारीक फेरफार. काट्यांना पातळीत आणायलाच सर्वांत जास्त वेळ गेला. हमाल मंडळींनी गाडी ढकलली आणि एकाने विचारलं, "मालक, ह्यो कोणता माल?"

बोल्टला हात लावायच्या आधीची वजनं मुद्दाम घेऊन ठेवली होती. पोत्यासह एकूण १२३० किलो.

आधी: पुढे डावं २५७, उजवं २२९. मागे डावं ३५१, उजवं ३९३.
नंतर: पुढे डावं २३९, उजवं २४७. मागे डावं ३६९, उजवं ३७५.

पुढची उंची शेवटी डावीकडे ९९, उजवीकडे ९६ वर थांबली.

मापपट्टी (वाळूज)
सुंदर. डावं पुढचं आणि उजवं मागचं मिळून आधी ६५०, म्हणजे ५२.८ टक्के. आता ६१४, बरोबर निम्मं म्हणावं इतकं.

काटे खरे बोलतायत का, हेही या आकड्यांत दिसतं. पुढच्या दोन चाकांची बेरीज आधी ४८६, नंतरही ४८६. डाव्या बाजूची आधी ६०८, नंतरही ६०८. या दोन बेरजा बोल्टने हलत नाहीत, फक्त तिरपी जोडी हलते. त्या हलल्या असत्या तर काट्यात किंवा पातळीत खोट आहे असं समजायचं.

दोन्ही बाजू हट्टाने ९८-९८ केल्या नाहीत हे चांगलं केलंत. ३ मिलिमीटरचा फरक मापात बसतो, वजन आधी.

निळी_९११ (संभाजीनगर)
चालवून बघितली. गतिरोधकावरचा ठक् गेला, शॉकअप तेच आहेत. वेगात नाक जमिनीला धरून राहतं. पण स्टिअरिंगचं चाक आता सरळ रस्त्यावर थोडं डावीकडे वळलेलं असतं.

अँबीवाला (धाराशिव)
अलाइनमेंट केली नाही अजून, हो ना? उंची बदलली की टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर) आणि कँबर (चाक उभ्यात किती कललेलं) दोन्ही बदलणारच. त्याआधी लांब पल्ल्याला काढू नका, टायरची आतली कड खाऊन टाकेल.

निळी_९११ (संभाजीनगर)
दुकानात गेलो होतो. त्यांच्या मशीनच्या यादीत ही गाडीच नाही. मुलगा म्हणाला, जवळची कुठली तरी निवडू का?

मापपट्टी (वाळूज)
नका निवडू देऊ. मशीनला गाडीचं नाव कळायची गरज नाही, कोन तर दाखवतंच. पडद्यावरचा हिरवा-लाल रंग बघायचाच नाही, आकडे वाचायचे. कँबर शून्याजवळ, दोन्हीकडे सारखा. कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल, ६ अंशांच्या आसपास, तोही सारखा. टो किंचित आत. आधी स्टिअरिंग सरळ बांधायला सांगा आणि दोन्ही टायरॉड फिरवून टो लावायला सांगा. एकाच बाजूने लावला की चाक पुन्हा वाकडंच राहील. आणि पोतं घेऊन जा.

बार्शी_रोड (लातूर)
इकडची खबर. त्या दोनपैकी एका टवेराचा बोल्ट मागं घेतला, ढकलून मोजलं, आवाज गेला. दुसरीचा नाही गेला, तिचं बुशच संपलेलं निघालं. गिऱ्हाईक म्हणायलंय, गाडी बुटकी दिसती, परत वर करा. त्याला आता हा धागा वाचून दाखवावा म्हणतो.

बिंदुसरा (बीड)
मोंढेकरी, माझ्याकडे जुनी पद्मिनी आहे, तिलाही एकदा चार काट्यांवर चढवायची इच्छा आहे. पुढच्या महिन्यात जमेल का?

मोंढेकरी (जालना)
या आठवड्यात आलात तर जमेल. तूर यायला लागली की काटाही मिळणार नाही आणि गाडी ढकलायला माणूसही नाही.